रडत बाहेर गेलेली मुलगी

बस फातिमानगरच्या सिग्नलला थांबलेली असताना आम्रपाली ओव्हाळनं पान उलटलं आणि पुढच्या पानावर तिला ती स्वतःच भेटली. नाव नव्हतं. 'एक नवखी मुलगी' एवढंच होतं. तरी ओळख पटायला वेळ लागला नाही. गर्दीत पाठमोऱ्या माणसाची चाल ओळखू यावी, तशी तिला त्या वाक्यातली आपली चाल ओळखू आली. 'श्यामसुंदररावांच्या संतापापुढे भलेभले टिकत नसत. एका बैठकीत अक्षराच्या वळणावरून एक नवखी मुलगी त्यांच्याशी हुज्जत घालू लागली, तेव्हा त्यांनी तिचे कागद असे भिरकावले की ती मुलगी रडत बाहेर गेली.' पुढच्या परिच्छेदात श्यामसुंदरराव खिडकीशी एकटे उभे होते, बाहेर गुलमोहर होता, आणि त्यांना उपाय सुचला होता. तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग फक्त 'रडत' हा शब्द वाचला. तीन अक्षरं. काना नाही, मात्रा नाही. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. शेजारच्या बाईच्या मांडीवर मेथीच्या जुड्या होत्या, त्यांचा ओला कडवट वास येत होता, आणि आम्रपालीला एकाएकी वाटलं की ही बाईसुद्धा तिरक्या नजरेनं तेच वाक्य वाचते आहे. तिनं पुस्तक मिटलं. मुखपृष्ठावर श्यामसुंदर रिसबूड हनुवटीला हात लावून बघत होते, समोरच्याची चूक सापडायची वेळ आली आहे अशा नजरेनं. मी रडले नव्हते, ती मनात म्हणाली. बस सुटली. मी रडले नव्हते, ती पुन्हा म्हणाली, आणि ह्या खेपेला ओठ हलले असावेत, कारण मेथीवाल्या बाईनं खरोखरच वळून पाहिलं.

पुस्तक तिच्याकडे मानानं चालून आलं होतं. केदार भागवत नावाच्या चरित्रकाराचा फोन आला होता. तरुण, अदबशीर आवाज. "मॅडम, सरांच्या चरित्राचं रविवारी सकाळी प्रकाशन आहे. सर स्वतः येणार आहेत. आपण त्यांच्या कंपनीत सुरुवात केलीत आणि आज एवढ्या मोठ्या पदावर आहात. आपण पाच-सात मिनिटं बोललात तर कार्यक्रमाला शोभा येईल. पुस्तक आधीच पाठवतो." ती लगेच हो म्हणाली होती. केदारला ठाऊक नव्हतं की पुस्तकातली ती मुलगी म्हणजे हीच. ठाऊक असतं तर शोभेसाठी त्यानं दुसरं कुणीतरी शोधलं असतं. गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून आज बस, आणि बसमध्ये वेळ जावा म्हणून पुस्तक. आणि खरं सांगायचं तर ह्या पानापर्यंत ती पुस्तकात रमून गेली होती. रिसबूडांचं लहानपण तिला माहीत नव्हतं. शेजाऱ्यांचा रेडिओ उघडून तो पुन्हा जोडताना दोन स्क्रू उरले, तरी रेडिओ आधीपेक्षा बरा वाजला, आणि 'ते दोन स्क्रू जास्तच होते' असं त्या मुलानं तोंडावर सांगितलं. कॉलेजात प्राध्यापकाचं गणित फळ्यावर जाऊन खोडलं म्हणून महिनाभर वर्गाबाहेर बसावं लागलं. परदेशातली नोकरी सोडून आले, एरंडवण्यातल्या एका बंगल्यात कंपनी काढली, साध्या बटणांच्या फोनवर आपल्या भाषा उमटवणारं सॉफ्टवेअर केलं. बायको सोडून गेली तेव्हा तिला स्टेशनवर पोचवायला गेले आणि तिथल्या पाटीवरची अक्षरं बघत उभे राहिले, गाडी निघून गेली. हे वाचताना आम्रपालीला हसू आलं होतं आणि तिनं ते पान पुन्हाही वाचलं होतं. कारण तो माणूस खरोखर तसाच होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून पडद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, 'तिसऱ्या ओळीतला अनुस्वार एक ठिपका डावीकडे सरकलाय.' जवळ जाऊन मोजलं की सरकलेलाच असायचा. तिला बघायला त्यानंच शिकवलं. आजही दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका, औषधाची चिठ्ठी तिच्यासमोर आली की आधी अक्षरं दिसतात आणि मग अर्थ. ही नजर त्याची देणगी. म्हणून तर ती लगेच हो म्हणाली होती. आणि त्या माणसाच्या चरित्रात तिच्या वाट्याला काय आलं, तर अर्धं वाक्य, आणि तेही दारापर्यंतच.

हडपसरला उतरून ती ऑफिसच्या इमारतीकडे चालत निघाली. रस्त्यावर हॉर्न, रिक्षा, उसाच्या रसाच्या गाड्याचे घुंगरू. भांडण साधं होतं. मराठीत 'र' दोन तऱ्हांनी जोडला जातो. एकदा तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि एकदा पापणीसारखा आडवा होऊन त्याला बिलगतो. पहिला 'दर्या' म्हणजे समुद्र. दुसरा म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. रिसबूडांच्या सॉफ्टवेअरमध्ये पापणीचा र नव्हताच. फोनची स्मरणशक्ती तेव्हा चिमणीएवढी, आकार मोजून बसवलेले, एकही जादा मावत नव्हता. आणि कंपनीला काम मिळालं होतं ते शेतकऱ्यांना हवामानाचे निरोप पाठवण्याचं. आम्रपाली नोकरीला लागून तीनेक महिने झाले होते. तिनं छापील कागद नेऊन ठेवले आणि म्हणाली, "सर, हे चुकीचं वाचलं जाईल." रिसबूड म्हणाले, "अर्थ लागतो." ती म्हणाली, "सर, आचाऱ्यांना बोलवा म्हटलं तर आचार्य येतील." टेबलाभोवती कुणीतरी हसलं, आणि ते हसणंच नडलं. रिसबूडांनी कागद उचलले, भिंतीकडे भिरकावले. म्हणाले, "तुमच्या हडपसरात काय वाचता येतं आणि काय येत नाही, त्यावर मी माझा फोन बनवत नाही." कागद पंख्याच्या वाऱ्यावर थोडा वेळ तरंगले. एक तिच्या पायाशी पडला. पुढचं तिला लख्ख आठवत होतं. ती उठली, शांतपणे बाहेर गेली, पाणी प्याली, परत आली, आणि दारातूनच म्हणाली, "सर, दीर्घ लृ काढा. ॡ. तो कुणीही लिहीत नाही. त्याच्या जागेत हा र बसतो." रिसबूड तिच्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "कर." बस्स. कोरडे डोळे, पाण्याचा ग्लास, ॡ. वीस-बावीस वर्षं तिनं ही गोष्ट स्वतःला अशीच सांगितली होती. महिला दिनाला नव्या मुलींसमोर उभी राहून ती म्हणाली होती, "ऑफिसात डोळे कोरडे ठेवा, मी ठेवले." टाळ्या पडल्या होत्या. लग्न मोडलं तेव्हा, वडील गेले तेव्हा, कंपनी विकली जाऊन सगळे रस्त्यावर आले तेव्हा, प्रत्येक वेळी तिनं ह्याच गोष्टीला हात टेकून पाय रोवले होते. आणि आता छापील पुस्तक म्हणत होतं की टेकायला तिथं भिंतच नव्हती.

दुपारी तिनं चेतनला फोन लावला. चेतन तेव्हा टेबलाशी तिच्या शेजारी बसायचा. हल्ली कात्रजला राहत होता, नोकरी सोडून घरूनच कामं करायचा. फोनमागं कुकरची शिट्टी ऐकू आली.

"चेतन, मी रडले होते का रे?"

"कधी?"

"त्या मीटिंगला. ॡच्या."

त्यानं तिकडं आधी गॅस बंद केला. तिला ते आवडलं नाही.

"अगं, असं काय विचारतेस? डोळे लाल होते तुझे. परत आलीस तेव्हा ओढणीनं नाक पुसत होतीस."

"मी पाणी प्यायला गेले होते."

"बरं, पाणी प्यायला गेली होतीस."

"चेष्टा करू नकोस. परत आले ते तरी आठवतंय ना?"

"परत आलीस म्हणून तर आठवतंय," चेतन म्हणाला. "जे परत आले नाहीत, त्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत मला. आणि ॡ तूच काढलास, तेही आठवतंय. पण आता कुणाला सांगणार? म्हातारा झालाय तो. रविवारी जा, चार बरे शब्द बोल, शाल-श्रीफळ घे आणि घरी ये."

तिनं फोन ठेवला आणि चेतनचा तिला राग आला. तो खोटं बोलत नाही, हे माहीत असल्यामुळं तर फारच राग आला. संध्याकाळपर्यंत तिनं केलेल्या कामात चुका झाल्या. ती आरशासमोर गेली. पंचेचाळिशीची, छोटे केस, कानात चांदीचे खडे, भुवयांमध्ये एक उभी रेघ. हा चेहरा रडताना कसा दिसत असेल, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. मग तिला भलतीच भीती वाटली. एक गोष्ट अशी निसटली असेल, तर बाकीच्या कशावरून खऱ्या? ॡ तरी आपण काढला होता का? की रिसबूड खिडकीशी उभे होते, बाहेर गुलमोहर होता, आणि आपण नुसत्या दारात होतो? त्या खोलीला खिडकी होती. गुलमोहरही होता, हे तिला आता आठवलं. छापलेल्या शब्दाची ताकद तिला ठाऊक होती, तो तिचा धंदाच होता. माणूस खोटं बोलतो, पण अक्षर बोलत नाही, असं सगळ्यांना वाटतं. आणखी दहा वर्षांनी चेतन विसरेल, रिसबूड नसतील, ती स्वतः विसरेल. राहील ते हे वाक्य. त्यात ती कायमची दाराबाहेर.

घरी सोजरबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय पसरून पावटे सोलत बसल्या होत्या. आम्रपालीची आई. मुलीच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल होतं, पण त्यावर शेंगा सोलणं हे त्यांच्या मते चहा ताटलीत मागण्यासारखं होतं. आम्रपाली पर्स न ठेवताच समोर बसली. तिनं पुस्तकातलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं मध्ये एकही शेंग थांबवली नाही.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? मी रडले नव्हते, आई."

"रडली व्हतीस की."

"तुला काय माहीत? तू होतीस का तिथं?"

"तूच सांगितलंस त्या रोजी. घरला आलीस, डोळं ह्ये एवढालं सुजल्यालं, आन् तोंड हसतंय. मला वाटलं, पोरीला याड लागलं. म्हनलीस, आई, संडासात नळ सोडून रडले, कुनाला ऐकू जाऊ नये म्हनून. मी म्हनलं, पानी वाया घालवलंस."

आम्रपालीच्या कानात नळ सुटला.

आधी आवाज आला, मग बाकीचं. प्लास्टिकची निळी बादली आणि तिच्यात जोरानं पडणारी धार. एरंडवण्यातल्या बंगल्याचा मागचा संडास, उंचावरची जाळी, भिंतीवर कुणीतरी चिकटवून विसरलेली लाल टिकली. ती बादलीच्या कडेला हात टेकून खाली बसली होती. आणि ती रडत होती. नुसते डोळे भरून आले नव्हते. तोंड वाकडं करून, हुंदके गिळत, ओढणीचा बोळा दातात धरून ती रडत होती. हडपसर. तो शब्द रिसबूडांनी कसा उच्चारला होता, चप्पल दाराबाहेर काढावी तसा. ओठांना खारट लागत होतं. बादली भरून वाहायला लागली आणि पाणी तिच्या सँडलमध्ये शिरलं, थंडगार. आणि रडता रडता श्वास घ्यायला ती थांबली तेव्हा, का कोण जाणे, तिला आपली पालिकेची शाळा आठवली. पहिलीतली. पत्र्याचा वर्ग, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, आणि बाई म्हणायच्या तसं सगळी पोरं एका सुरात ओरडायची. अ आ इ ई, उ ऊ, आणि मग ऋ, आणि मग ते विचित्र लृ आणि त्याहून लांब ॡ, जिथं सगळ्यांचा सूर मोडायचा, कुणी म्हणायचं लू, कुणी रू, आणि अख्खा वर्ग खो खो हसायचा. बाईसुद्धा पदराआड हसायच्या. एकदा तिनं विचारलं होतं, "बाई, हे कशात येतं?" बाई थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कशातच नाही गं. पण आहे म्हणून म्हणायचं." संडासातल्या ओल्या जमिनीवर बसून बावीस-तेवीस वर्षांच्या आम्रपालीला ते ऐकू आलं. कशातच नाही, पण आहे. फोनमध्येही होता तो. आकारांच्या यादीत होता, तिनंच तपासला होता. कुणीही कधी न लिहिणारं अक्षर आतमध्ये ऐसपैस बसलं होतं, आणि शेतकऱ्यांचं अक्षर दाराबाहेर. तिला हसू फुटलं. हुंदका आणि हसू एकदम आल्यानं ठसका लागला. तिनं नळ बंद केला, वाहत्या बादलीतलं पाणी चेहऱ्यावर मारलं, आणि ओल्या सँडल वाजवत, नाक पुसत, परत गेली. ते बघायला कोण कोण होतं, ह्याची तिला त्या क्षणी फिकीर नव्हती. गोष्ट हातात होती आणि ती सांगायची घाई होती, एवढंच.

तिनं फरशीवरची एक शेंग उचलली आणि न सोलताच हातात धरली. वीस-बावीस वर्षं तिनं काय केलं होतं, ते तिला आता दिसत होतं. रडणं लाजिरवाणं म्हणून तिनं ते खोडून टाकलं, आणि त्याच्याबरोबर शाळा गेली, बाई गेल्या, ते हसू गेलं. उरला एक पाण्याचा ग्लास. ॡ कुठून आला, हे तिच्याच गोष्टीतून नाहीसं झालं होतं. मग तो रिसबूडांच्या खिडकीतून आला असं कुणी म्हटलं, तर अडवणार कोण?

"आन् तू काय, न्हाई रडले म्हनून सांगत फिरतीस व्हय लोकांना?" आईनं विचारलं.

"हो."

"का? रडन्यात काय चोरी हाय?" आईनं टोपलीतली शेवटची मूठ पुढ्यात ओढली. "तुझ्या बाला कंपनीनं कामावरनं काढलं, तवा त्योबी रडला व्हता. दुसऱ्या रोजी युनियन घिऊन परत गेला. हात चालव जरा, भाजी टाकायची हाय."

रविवारी सकाळी टिळक रोडवरचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत पांढरे केस, मागं लॅपटॉपच्या बॅगा घेतलेली तरुण मंडळी. सोजरबाईंना तिनं तिसऱ्या रांगेत बसवलं, त्यांनी लगेच शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "ह्ये कवा संपतंय?" गृहस्थ म्हणाले, "सुरू तरी होऊ द्या." व्यासपीठावर रिसबूड आधीच येऊन बसले होते. वाळले होते. पांढरा शर्ट गळ्याभोवती सैल झालेला, कानात यंत्र, हातात काठी. पण नजर मागच्या भिंतीवरल्या फलकावर. आम्रपाली पायऱ्या चढून गेली तेव्हा नमस्कार घेण्याआधी ते म्हणाले, "प्रकाशनातला 'श' बघा. पाय तोडलाय त्याचा." तिनं बघितलं. खरंच तोडला होता. एवढ्या वर्षांनी त्यांचं तिच्याशी पहिलं वाक्य हे. तिला त्याचा राग आला नाही. उलट छातीत काहीतरी उबदार हललं. पर्समध्ये टाइप केलेलं भाषण होतं. चांगलं होतं. त्यात शिस्त होती, ध्यास होता, ऋण होतं. केदारनं तिची ओळख करून दिली, तिचं पद सांगितलं, टाळ्या झाल्या. माइक तिच्या उंचीला वर होता. तिनं तो खाली ओढला, त्याची किंकाळी साऱ्या सभागृहात घुमली. मग तिनं भाषण न काढता पुस्तक काढलं.

"एक वाक्य वाचते," ती म्हणाली, आणि तिनं ते वाचलं. भलेभले, हुज्जत, भिरकावलेले कागद. 'की ती मुलगी रडत बाहेर गेली.' सभागृहात सहानुभूतीचं हलकं हसू पसरलं, थोरांच्या रागाला लोक हसतात तसं. तिनं ते विरू दिलं.

"ती मुलगी मी आहे."

आता कुणी हसलं नाही. केदारचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. आम्रपालीला वाटलं होतं, आवाज कापेल. कापला नाही. "वाक्य खरं आहे," ती म्हणाली. "मी रडले. संडासात नळ सोडून रडले. आईखेरीज मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, परवापर्यंत स्वतःलासुद्धा नाही. पण हे वाक्य अर्धं आहे. ती मुलगी परत आत आली." आणि मग ती बोलत गेली. पापणीच्या र बद्दल, दर्या आणि दऱ्यांबद्दल. आचाऱ्यांच्या जागी आचार्य येतील म्हणाली तेव्हा पुढच्या रांगा मोठ्यानं हसल्या. पत्र्याच्या वर्गाबद्दल, आणि अख्ख्या वर्गाचा सूर जिथं मोडायचा त्या अक्षराबद्दल. तिनं ते म्हणून दाखवलं. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी नकळत तिच्याबरोबर म्हटलं, आणि त्यांचाही सूर मोडला, आणि हशा असा उसळला की माइक पुन्हा किंचाळला. "हे अक्षर कशातच येत नव्हतं," ती म्हणाली, "आणि त्याला जागा होती. मी रडत असताना मला ते आठवलं. खिडकीशी कुणाला आठवलं असेल तर मला माहीत नाही. मी खिडकीशी नव्हते." ती रिसबूडांकडे वळली. "सर, बघायला तुम्ही शिकवलंत. म्हणून हे सांगतेय. आपली चूक दिसली तर सांगायची, हेही तुमचंच."

रिसबूडांनी हात पुढे केला. केदारनं घाईघाईनं दुसरा माइक त्यांच्या हातात दिला. रिसबूडांनी त्यावर टिचकी मारून तो चालू असल्याची खात्री केली. 

"ही मुलगी परत आली, हे मी केदारला सांगितलं नाही," ते म्हणाले. "सांगितलं असतं, तर पुढे ॡचंही सांगावं लागलं असतं."

हसावं की नाही, कुणाला कळेना. आम्रपालीनं माइक सोडला नाही.

"मग आता सांगा, सर."

"ॡ हिनं काढला."

"नाव आहे, सर."

रिसबूड बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, त्या जुन्या नजरेनं. पण आज ती नजर तिच्या चेहऱ्यावर फिरून काहीही न सापडता परत गेली.

"आम्रपाली ओव्हाळ यांनी काढला," ते म्हणाले. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. टाळ्या थांबेपर्यंत ते माइक धरून बसले आणि म्हणाले, "पण त्यांच्या त्या दुरुस्तीत एक चूक राहिली होती. ती मी काढली."

"दोन होत्या, सर," आम्रपाली म्हणाली. "दुसरी तुम्हाला सापडली नाही. मी गुपचूप काढली."

सभागृह फुटलं. पांढऱ्या केसांचे गृहस्थ गुडघ्यावर थापा मारत होते, मागच्या रांगेतल्या मुली उठून उभ्या राहिल्या होत्या, केदार घाम पुसता पुसता हसत होता. आणि व्यासपीठावर श्यामसुंदर रिसबूड, ज्यांना हसताना आम्रपालीनं नोकरीच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, काठीवर हनुवटी टेकून खांदे हलवत होते. "कुठली?" ते माइकशिवायच विचारत होते. "कुठली दुसरी?" ती सांगणार नव्हती. निदान आज नाही.

कार्यक्रम संपल्यावर सह्यांसाठी टेबल मांडलं होतं. रिसबूड तिथं बसले, रांग लागली. आम्रपाली आईला घेऊन बाजूनं निघाली होती, तेवढ्यात एका बाईनं तिला अडवलं. शिक्षिका असाव्यात, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पुस्तक बरोबर त्या पानावर उघडलं होतं. "इथं लिहून द्या," त्या म्हणाल्या. "वाक्य पुरं करा." आम्रपालीनं पेन घेतलं. वाक्याच्या पूर्णविरामाला खेटून समासात तिनं लिहिलं, 'आणि परत आत आली.' खाली सही केली. बाईंच्या मागं दुसरा एक तरुण उभा होता, त्याच्यामागं दोन मुली, त्यांनीही तेच पान काढून ठेवलं होतं. मग कुणीतरी तिला खुर्ची आणून दिली. तिनं लिहायला सुरुवात केली, आणि आणि आणि, परत आत आली, परत आत आली. पुस्तकं एकामागून एक पुढं येत होती, समासातली शाई ओली होती, आणि तिचा हात प्रत्येक वेळी थोडा अधिक सैल, अधिक मोठ्या अक्षरात चालत होता. केदार येऊन म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या आवृत्तीत मी ते घालतोच." ती मान वर न करता म्हणाली, "घाला. पण ह्या आवृत्तीचं मी बघते." सोजरबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि रांगेतल्या माणसांना शिस्त लावू लागल्या, "एकामागं एक या की, पळून चालली का ती?"

एक पुस्तक टेबलावर जरा जोरात आपटलं. तिनं वर बघितलं. काठीवर भार देऊन रिसबूड उभे होते, रांगेतून आलेले. पान त्यांनी उघडून धरलं होतं. तिनं लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून ते डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ न्याहाळलं.

"'त'ची दांडी तिरकी आहे," ते म्हणाले.

"असू दे, सर," आम्रपाली म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे हात केला.